मुलांना वाचनाची गोडी लावायची? खरेदी सगळ्यात शेवटी करा

रविवारी सकाळी मी नाशिकमधल्या आमच्या कॉलनीतल्या छोट्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. पगार नाही, चहा मिळतो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आईबाबा मुलांना घेऊन येतात, सभासद करतात, आणि दिवाळीपर्यंत त्यातली बरीच कार्डं डब्यात पडून राहतात. पोरांना आळशी म्हणून मोकळे होऊ नका. घराघरांत क्रमच चुकलेला असतो. आधी प्रदर्शनातून पिशवीभर पुस्तकं येतात. ती वाचली जात नाहीत म्हणून मुलाला बोलणी बसतात. मग शेवटचा उपाय म्हणून वाचनालय. हा क्रम उलटा करायचा: आधी वाचनालय, त्याच्या जोडीने घरी मोठ्याने वाचणं, आणि खरेदी सगळ्यात शेवटी.

पुढचे टप्पे साधारण ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. सुरुवातीपासून पहिल्या खरेदीपर्यंत दोन-तीन महिने लागतात, लागू द्या.

१. घरची तयारी (दोन आठवडे)

या दोन आठवड्यांत मुलाला वाचनाबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही. फक्त बघायचं. एका कागदावर लिहून ठेवा: कोणत्या गोष्टीबद्दल तो तीनदा विचारतो? जेसीबी, साप, भूत, क्रिकेटचे आकडे, मांजर, काहीही. पुढे वाचनालयात हाच कागद उपयोगी पडतो. ‘चांगले संस्कार होतील असं काहीतरी द्या’ असं सांगणारे पालक मला दर रविवारी भेटतात. ‘हिला मुंग्यांचं वेड आहे’ असं सांगणारे क्वचित. मुंग्यावालीला मी दोन मिनिटांत पुस्तक काढून देते.

जागा ठरवा. अभ्यासाचं टेबल नको, तिथे गृहपाठाचा वास येतो. मूल एरवी जिथे लोळतं तिथेच, खिडकीशी किंवा दिवाणावर, नीट उजेड येतो का ते बघा. आमच्याकडे ट्यूबलाइट टीव्हीच्या बरोबर वर होती. उजेडाला जायचं म्हणजे टीव्हीसमोर बसायचं. पलंगाच्या कडेला एक साधा दिवा लावला, तेव्हा कुठे रात्रीचं वाचन सुरू झालं.

दाराशेजारच्या खुंटीवर एक कापडी पिशवी टांगा, ती फक्त पुस्तकांची. तिच्यात एक प्लास्टिकची पिशवी कायम घडी करून ठेवा. जुलैत आपल्याकडची झड लागली की स्कूटरच्या डिकीतही पाणी शिरतं, आणि भिजलेलं पुस्तक परत देताना मुलाची मान खाली जाते ती पुढच्या फेरीला वर येत नाही.

आठवड्यातला एक वार पक्का करा. क्लासच्या आधीची अर्धी वेळ नको, परत जायची घाई नसेल असा वार हवा.

तपासा: घरातलं एक तरी मोठं माणूस मुलाच्या डोळ्यांसमोर काही छापील वाचतं का? वर्तमानपत्र चालेल, पाकक्रियेची वही चालेल. कुणीच वाचत नसेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका. आधी स्वतःसाठी एक पुस्तक आणा.

२. वाचनालय निवडणं

नाशिकमध्ये पहिलं नाव येतं ते टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयाचं. १८४० पासूनची ही संस्था, जुने लोक तिला ‘सावाना’ म्हणतात, आणि मुलांसाठी तिथे बालभवन आहे. शालिमार, एमजी रोड, रविवार कारंजा, पंचवटी या पट्ट्यात राहत असाल तर सुरुवात तिथूनच करा. पण तुम्ही नाशिकरोडला किंवा पाथर्डी फाट्याला राहत असाल तर घराजवळचं साधं वाचनालय बरं. मोठ्या वाचनालयात महिन्यातून एकदा सहल म्हणून जा. घरातून निघून वीस मिनिटांत पोचता येत नसेल तर आठवड्याची फेरी पावसाळ्यातच बंद पडते, आणि एमजी रोडला रविवारी गाडी लावायला जागा शोधण्यात बापाचा मूड जातो तो वेगळाच.

पहिल्यांदा मुलाला न घेता एकटे जा आणि एवढं बघा:

मुलांचं कपाट उघडं आहे का, की काचेला कुलूप आहे? मुलाचा हात पोचतो का? ‘नाव सांगा, काढून देतो’ अशी पद्धत असेल तर ते ठिकाण लहान मुलाच्या कामाचं नाही, कारण त्याला नावं माहीत नसतात. तो चित्र बघून, जाडी बघून, वास घेऊन निवडतो.

मग मुलांची पाच-सहा पुस्तकं हाती घेऊन आतली तारखेची चिठ्ठी बघा. शेवटचा शिक्का गेल्या दोन-तीन महिन्यांतला असेल तर कपाट जिवंत आहे. सगळ्या चिठ्ठ्यांवरचे शिक्के पाच वर्षांपूर्वीचे असतील तर बाहेरची पाटी कितीही मोठी असो, दुसरं वाचनालय शोधा.

वेळा आणि साप्ताहिक सुट्टी काउंटरवर विचारून लिहून घ्या. बऱ्याच वाचनालयांत दुपारी बंद असतं. मुलाला घेऊन जाऊन कुलूप बघण्यापेक्षा हे बरं. एका वेळी किती पुस्तकं, किती दिवस, उशिराचा दंड किती, हेही तेव्हाच विचारा.

जवळपास वाचनालयच नसेल तर सातव्या टप्प्यातली पेटी बघा.

३. सभासद होणं

अर्ज, फोटो, पत्त्याचा पुरावा, अनामत रक्कम आणि वर्गणी असा साधारण प्रकार असतो. रकमा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या. अनामतीची पावती जपून ठेवा, सभासदत्व सोडताना ती मागतात आणि तेव्हाच ती सापडत नाही.

बालसभासदाचं वेगळं कार्ड असेल तर तेच घ्या, स्वतःच्या कार्डावर मुलाला पुस्तक देत बसू नका. अर्जावरचं नाव मुलाला लिहू द्या, वेडंवाकडं आलं तरी. कार्ड त्याच्या हातात द्या. टेबलावरच्या माणसाला त्याचं नाव सांगा आणि पुढच्या वेळेपासून पुस्तक पुढे करणं, तारीख विचारणं, ‘हे आहे का?’ म्हणणं, हे सगळं त्याला करू द्या. तुम्ही दोन पावलं मागे. आम्हा टेबलावरच्यांना मुलाशी बोलायला आवडतं, पण मध्ये आई उत्तर देत असेल तर आम्ही आईशीच बोलतो.

४. पहिल्या चार फेऱ्या

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच, म्हणून जरा सावकाश.

पहिल्या फेरीत काही न्यायचं नाही असं ठरवूनच जा. फक्त बघायचं, पानं चाळायची, जमिनीवर बसायचं. मुलाने हट्ट केलाच तर एक पुस्तक घेऊ द्या. हट्टाने घेतलेलं पुस्तक घरी उघडलं जातं.

दुसऱ्या फेरीपासून दोन पुस्तकं: एक मुलाच्या पसंतीचं, एक तुमच्या. मुलाच्या पुस्तकावर तुम्हाला मत नाही. तुमचं पुस्तक तुम्ही त्याला वाचून दाखवायचं, त्याने वाचायची सक्ती नाही. एकच मिळत असेल तर ते मुलाच्या पसंतीचं.

एक प्रसंग सांगते. दुसरीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली. तिने हत्तीचं एक पातळ चित्रपुस्तक उचललं, पानावर दोन-दोन ओळी. वडील म्हणाले, “अगं, हे बालवाडीतलं. दुसरीत ना तू?” आणि बोधकथांचा जाडजूड ग्रंथ हातात दिला. पुढच्या रविवारी तो ग्रंथ परत आला, सहाव्या पानावर बसचं तिकीट खुणेला. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी पोरीने ते हत्तीचं पुस्तक जाड पुस्तकाच्या खाली सरकवून दोन्ही माझ्यासमोर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. वडील फोनवर होते. मी दोन्हींवर शिक्का मारला.

तेव्हा ‘हे लहानांचं आहे’ हे वाक्य वाचनालयाच्या दाराबाहेर ठेवा. सोपं पुस्तक भराभर संपतं, आणि पुस्तक संपवल्याचा अनुभव हीच सुरुवातीची कमाई.

मुलाला स्वतः वाचण्यासाठी पुस्तक झेपेल का, हे बघायला बोटांची चाचणी वापरा. मजकुराचं एक भरलेलं पान त्याला वाचू द्या, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवण्याचं. ही चाचणी त्याची त्यालाच करू द्या. तुम्ही बोटं मोजू लागलात की ती तोंडी परीक्षा होते.

तिसऱ्या-चौथ्या फेरीत मूल अर्धवट वाचलेलं पुस्तक परत करेल. करू द्या, पैसे गेलेले नाहीत. वाचनालय आधी का, याचं कारण हेच. इथे चुकीची निवड फुकट पडते. विकत घेतलेलं अर्धवट टाकलं की घरात ‘दोनशे रुपये पाण्यात’ सुरू होतं.

सावधान: ‘पुस्तक वाचलंस तर मोबाइल देईन’ असा सौदा करू नका. त्यातून मुलाला एवढंच कळतं की मोबाइल ही मिठाई आणि पुस्तक हे औषध.

५. घरी मोठ्याने वाचणं

रोज पंधरा मिनिटं, एकाच वेळी, बहुधा झोपण्यापूर्वी. मूल स्वतः वाचायला लागलं तरी हे थांबवू नका. चौथी-पाचवीपर्यंत तरी चालू ठेवा, कारण त्याला कानाने कळणारी गोष्ट त्याच्या वाचण्याच्या पातळीच्या बरीच पुढची असते.

आता इंग्रजी माध्यमाची अडचण. आपल्याकडे निम्मी घरं याच गाड्यात अडकलेली. मूल घरी फर्डं मराठी बोलतं, पण छापील मराठी समोर आलं की अडखळतं, आणि आईबाप म्हणतात, त्याला मराठी पुस्तकं आवडत नाहीत. आवडीचा प्रश्न पुढचा, आधी डोळा अडतो तो जोडाक्षरांवर. त्यातही ‘र’ फार छळतो: ‘सूर्य’मधला रफार, ‘प्रकाश’मधला, ‘ट्रक’मधला, ‘सुऱ्या’मधला, एकाच अक्षराची चार सोंगं. शिवाय ‘द्य’, ‘द्ध’, ‘ह्म’, ‘ज्ञ’. आणि च-ज-झचे दोन-दोन उच्चार तर कुणी शिकवतच नाही: सारं जग म्हणतानाचा ‘ज’ वेगळा, पाण्याचा जग म्हणतानाचा वेगळा. आपण जन्मतः बोलतो म्हणून आपल्याला हे दिसत नाही.

उपाय असा. पुस्तक दोघांच्या मध्ये धरा. तुम्ही एक परिच्छेद वाचा, मुलाने एक ओळ. दोन आठवड्यांनी दोन ओळी. अडला तर तीन सेकंद थांबा आणि शब्द सरळ सांगून पुढे जा. ‘नीट बघ, मागच्या पानावर हाच शब्द होता ना?’ असलं काही नको. गोष्टीचा धागा तुटला की सगळंच तुटतं. ठळक, मोठ्या टाइपातली, ओळींत मोकळी जागा असलेली पुस्तकं या मुलांना लवकर जमतात. कपाटासमोर उभं राहून आधी टाइप बघा, मग गोष्ट.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. तिथला एखादा विनोदी तुकडा किंवा कोडं छापून घ्या. एका पानात संपतं, त्यामुळे अडखळणाऱ्या मुलाला धीर येतो. स्टोरीविव्हर या प्रथम बुक्सच्या संकेतस्थळावरही मराठी चित्रगोष्टी मोफत आहेत, तिथे वाचनाच्या पातळ्या दिलेल्या असतात. पडद्यावर मात्र शेजारी बसूनच वाचा.

वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलास?’ हे विचारायचं नाही. मी स्वतः हे वर्षभर केलं. आमचा धाकटा गोष्ट संपायच्या आतच ‘तात्पर्य, लोभ करू नये’ म्हणून चादर डोक्यावरून घ्यायचा. विचारायचंच असेल तर ‘तू त्याच्या जागी असतास तर पळाला असतास का?’ असं काहीतरी विचारा, नाहीतर गप्प बसा. गप्प बसलेलं उत्तम.

तपासा: महिनाभराने मूल आपणहून पुस्तक तुमच्या मांडीवर आणून टाकतं का? किंवा वाचनालयाचा वार कधी, असं विचारतं का? दोन्हींतलं काहीच होत नसेल तर चौथ्या टप्प्यावर परत जा, निवड अजून तुमचीच चालली आहे.

६. आता खरेदी

नियम एकच: मूल जे पुस्तक वाचनालयातून दुसऱ्यांदा घरी आणतं, ते विकत घ्या. ते पुस्तक तो पुन्हा पुन्हा उघडणार याची त्याने तुम्हाला आधीच हमी दिलेली असते.

हे मला उशिरा कळलं. एका प्रदर्शनातून मी सवलतीत दहा चरित्रांचा संच उचलला होता. धाकट्याने त्या दहाही थोरामोठ्यांचं मिळून खेळण्यातल्या गाड्यांचं गॅरेज बांधलं. छप्पर मजबूत होतं, एवढंच म्हणेन.

महिन्याची रक्कम ठरवा, दीडशे-दोनशे रुपयेसुद्धा पुरतात. पाकिटात नोटा घालून पाकीट मुलाकडे द्या. त्याला महाग पुस्तकासाठी दोन महिने साठवायचं असेल तर साठवू द्या. दुकानात पैसेही त्यानेच मोजून द्यावेत.

दुकानात पुस्तक हातात आलं की एवढी पाहणी करा. मधलं पान उघडून दोन्ही बाजू हलकेच दाबा. नुसत्या गोंदावर चिकटवलेली बांधणी तिथेच करकरते, शिवलेली किंवा मधोमध पिना मारलेली टिकते. चित्रकाराचं नाव आहे का बघा. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव हवंच. ते नसेल तर मी पुस्तक परत ठेवते. मग कुठलंही एक पान दबक्या आवाजात वाचा. जीभ अडखळली, किंवा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या, तर घेऊ नका, मुलाच्या डोळ्यात त्याच चुका बसतात. जगप्रसिद्ध कादंबऱ्यांच्या चकचकीत, स्वस्त, ‘संक्षिप्त’ आवृत्त्यांबाबत खास जपा. त्यांतल्या कित्येकांत गोष्टीचा नुसता सांगाडा उरलेला असतो, आणि मोठेपणी मूळ पुस्तक समोर आलं की मूल म्हणतं, हे वाचलंय.

कमी पैशांत चांगलं हवं असेल तर नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं मागा. चित्रपुस्तकांसाठी ज्योत्स्ना प्रकाशनाची यादी चाळून जा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांच्या आसपास प्रदर्शनं लागतात, सवलत मिळते. तिथे जाताना यादी आणि पाकीट घेऊन जा, यादीबाहेरचं एकच पुस्तक घ्यायची मुभा ठेवा. संच घेऊ नका. सवलतीत मिळणाऱ्या संचात एखादं पुस्तक वाचण्याजोगं असतं आणि बाकीची त्याची वरात.

घरी आलं की आतल्या पानावर मुलाने नाव आणि तारीख घालायची. कपाटात मागे लावू नका. मुखपृष्ठ दिसेल असं ठेवा, निदान चार-पाच तरी. आणि चिवड्याची बशी शेजारी ठेवून वाचत असेल तर ओरडू नका, एक फडकं द्या. तेलकट बोटांचे डाग पडलेलं पुस्तक हे वाचलेलं पुस्तक असतं. वाचनालयाच्या पुस्तकाला मात्र ही सूट नाही.

७. सोसायटीतली पेटी

कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना नाशिकमधूनच सुरू झाली: पुस्तकांनी भरलेली पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी अदलाबदल. तुमच्या भागात गट जमत असेल तर गंगापूर रोडवरच्या कुसुमाग्रज स्मारकात जाऊन चौकशी करा.

मुलांसाठी हेच छोट्या प्रमाणात करता येतं. दहा घरांनी तीन-तीन पुस्तकं दिली की तीस झाली. खोक्यावर यादी चिकटवा, वही ठेवा, आणि वही सांभाळायचं काम दहा-अकरा वर्षांच्या मुलाला द्या, मोठ्यांना अजिबात नाही. देताना एकच अट: स्वतःच्या मुलाने आवडून वाचलेलंच पुस्तक द्यायचं. नाहीतर घरातली नकोशी पुस्तकं तिथे येऊन साचतात.

८. अडलं तर

परीक्षेच्या दिवसांत फेरी बंद करू नका, पुस्तक पातळ करा. एकदा ‘आता अभ्यास, पुस्तक नंतर’ म्हटलंत की पुस्तकाचं स्थान कायमचं खाली गेलं.

एकच मालिका सलग वाचत असेल तर वाचू द्या. फक्त चित्रकथा वाचत असेल तरीही. फक्त क्रिकेटचे आकडे वाचत असेल तर खेळाडूंच्या मुलाखती पुढे सरकवा, तेही तीन महिन्यांनी.

मोठ्या मुलाने, म्हणजे अकरा-बाराच्या, ‘तू आत येऊ नकोस’ म्हटलं तर आत जाऊ नका. बाहेर चहा प्या. त्याने काय आणलं ते पिशवीत डोकावून बघायचं नाही. गाडीवर मागे बसून तो स्वतः सांगतो, बहुधा सिग्नलला.

आणि पुस्तक हरवलं तर काउंटरवर मुलाला घेऊनच जा. बहुतेक ठिकाणी तेच पुस्तक आणून देता येतं किंवा किंमत भरावी लागते. किंमत त्याच्या पाकिटातून, कमी पडली तर वरचे तुमचे. ‘माझ्याकडून हरवलं’ हे वाक्य त्यानेच म्हणायचं. गेल्या पावसाळ्यात असा एक मुलगा आला, ते वाक्य एका दमात म्हणाला, पैसे टेबलावर ठेवले आणि लगेच विचारलं, “मावशी, आज एकच नेता येईल की दोन?”